कीटकभक्षी प्राणी आणि वनस्पती: कोण, कसं आणि किती खातं?

रानभूल

झाडांविषयीच्या कुठल्याही गप्पांत कीटकभक्षी वनस्पतींचा विषय निघाला की थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास येतो: "हे झाड खिडकीत ठेवलं तर डास जातील का?" जाणार नाहीत. का जाणार नाहीत हे सांगायला बसलं की मात्र विषय इतका वाढतो की वेगळा धागाच काढावा म्हटलं. वनस्पतींचं मी लिहिते, प्राण्यांचं जाणकारांनी लिहावं.

या झाडांना पोट भरायला किडे लागत नाहीत. पानं हिरवी आहेत, ऊन भरपूर आहे, साखर ती स्वतःच तयार करतात. कमी पडतं ते नत्र आणि स्फुरद. दलदल, पाणथळ वाळू, कातळावरचा मातीचा पातळ थर अशा जागी पाणी ही द्रव्यं धुऊन नेतं आणि मुळांच्या हाती फारसं काही लागत नाही. तिथे काही झाडांनी पानांचाच सापळा केला. एकमेकांशी दूरचंही नातं नसलेल्या कुळांत हे साधारण दहा वेळा स्वतंत्रपणे घडलंय, आणि आज अशा आठशेहून जास्त जाती माहीत आहेत.

सगळ्यांना ठाऊक असते ती व्हीनस फ्लायट्रॅप. जगभर कुंड्यांत दिसते, पण तिचं मूळ घर अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना राज्यांतला किनाऱ्याजवळचा छोटासा पट्टा, बस्स. पानाच्या प्रत्येक पाळीवर बहुधा तीन बारीक केस असतात. एका केसाला एकदा धक्का लागला तर काही होत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला तर पान सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतं. पडणारा थेंब किंवा उडून आलेला कचरा सहसा दुसऱ्यांदा धक्का देत नाही, जिवंत किडा देतो. पुढचं जास्त मजेशीर आहे. मिटल्यावरही मोजणी थांबत नाही. आत अडकलेला जीव धडपडत राहिला आणि धक्के पाचाच्या आसपास गेले की मगच पाचकरस तयार करायला सुरुवात होते. धडपड नसेल तर पान दिवसाभरात पुन्हा उघडतं. पचायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि एक पान अशा मोजक्याच शिकारी करून वाळून जातं. आता सांगा, या वेगाने डासांची फौज कधी संपायची?

दवबिंदू (सनड्यू) नावाच्या झाडाची पद्धत वेगळी. पानावरच्या प्रत्येक लवेच्या टोकाला चिकट थेंब; माशी टेकली की चिकटते, मग आजूबाजूच्या लवा तिच्याकडे वाकतात. डार्विनने या झाडावर अनेक वर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. केसाचा नखाएवढाही नसलेला तुकडा ठेवला तरी लव वाकते, पावसाचा थेंब पडला तर वाकत नाही, हे त्याने तपासून पाहिलं होतं.

पण माझं मत विचाराल तर या सगळ्यांत वस्ताद सीतेची आसवे. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात जांभळी चादर पसरते ती यांचीच, आणि लोक फक्त फुलांचे फोटो काढून परततात. खरा उद्योग खाली चाललेला असतो. या झाडाला मुळंच नसतात. ओल्या मातीत किंवा पाण्यात बारीक पिशव्या असतात, आतलं पाणी उपसून त्या चेपून ठेवलेल्या असतात. दाराजवळच्या केसाला पाणपिसू टेकला की दार उघडतं, दाबून धरलेली पिचकारी पाण्यात सोडावी तशी पिशवी फुगते आणि पाण्यासकट तो आत. एवढं सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात.

---

टाचणी

वाचतेय. घटपर्णीबद्दल काहीच नाही? हा अन्याय आहे.

---

शंकासुर

माहिती छान. एक शंका (नावाला जागायला हवं ना). नत्रासाठीच एवढा खटाटोप असेल तर झाडाला आयतं नत्र दिलं तर ते शिकार सोडून देईल का?

---

रानभूल

@शंकासुर, नेमका प्रश्न विचारलात. उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत जांभळी सारासेनिया नावाची घटासारखी झाडं असतात. त्यांना जास्तीचं नत्र दिलं तेव्हा नवी पानं घट न होता बरीचशी चपटी, साध्या पानासारखी यायला लागली. सापळा म्हणून बनवलेलं पान ऊन पकडायला तितकं चांगलं नसतं. त्यामुळे गरज संपली की झाड सापळ्यावरचा खर्च कमी करतं.

पण म्हणून कुणी कुंडीत खत टाकू नका. या मुळांना खताची सवय नसते, बहुतेक वेळा झाड मरतं.

@टाचणी, घटपर्णी येतेय. तिच्यावर घाईने लिहायचं नाही म्हणून थांबले होते.

---

अबोली

माझ्याकडच्या फ्लायट्रॅपची दोन तोंडं मिटली ती काळीच पडली. घरातल्या मुलांनी बोटं घालून घालून मिटवली असावीत. झाड गेलं का आता?

---

रानभूल

नाही हो. एखादं-दुसरं तोंड काळं पडणं नेहमीचंच, ते कापून टाका. मधून नवी पानं येतायत का तेवढं बघा. मुलांना मात्र थांबवा. दर वेळी रिकामं मिटताना झाड शक्ती घालवतं आणि पदरात काही पडत नाही.

बाकी काळजी म्हणजे पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड, कारण साध्या पाण्यातले क्षार हळूहळू साठतात. माती म्हणजे पीट किंवा स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट, बागेतली माती अजिबात नको. भरपूर थेट ऊन. थंडीत ते सुप्तावस्थेत जातं, तेव्हा मेलं समजून फेकू नका. मटणाचा तुकडा वगैरे भरवू नका, तो कुजतो आणि पानही कुजवतो. बाहेर ठेवलंत तर ते स्वतःचं स्वतः पकडतं.

---

निशाचर

प्राण्यांची बाजू मी घेतो, वटवाघळांपासून.

"एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. त्याचा उगम साधारण १९६० च्या प्रयोगांत आहे. बंद खोलीत डास सोडले, त्यात वटवाघळं सोडली, काही मिनिटांत त्यांचं वजन किती वाढलं ते पाहिलं आणि त्यावरून तासाचा हिशेब मांडला. खोलीत दुसरं खाणंच नव्हतं! मोकळ्या रानात वटवाघूळ डास खातं, नाही असं नाही, पण पतंग, भुंगेरे, चिलटं असं जे समोर येईल आणि ज्यात जास्त दम असेल ते आधी उचलतं. डास म्हणजे फार धावाधाव करून मिळणारा इवलासा घास.

म्हणून त्यांचा उपयोग नाही असं मात्र कुणी समजू नये. २००६ पासून अमेरिकेत एका बुरशीने वटवाघळांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या, तोंडावर पांढरी बुरशी येते तो रोग. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जिथे हा रोग पोचला त्या भागांतल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला. वटवाघळं फुकटात करत होती ते काम मग फवारणीने करावं लागलं.

आणि पतंगही काही मुकाट्याने खाल्ले जात नाहीत. टायगर मॉथ गटातला एक पतंग वटवाघूळ जवळ आलं की स्वतः इतक्या भराभर टिकटिक आवाज काढतो की वटवाघळाचा प्रतिध्वनीचा हिशेबच चुकतो. प्रयोगात हे २००९ साली दाखवलंय.

---

चतुरंग

+१, निशाचर. डासांचाच विषय आहे तर आमच्या चतुराला का विसरता?

चतुर उडता किडा पकडायला झेपावतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा तरी पकडतोच. वाघ-सिंहांचं यशाचं प्रमाण याच्या आसपासही नसतं. गुपित असं की तो भक्ष्याच्या मागे लागत नाही. भक्ष्य पुढच्या क्षणी कुठे असेल त्या जागेकडे उडतो, आणि बहुतेकदा खालून येतो, म्हणजे भक्ष्याला दिसतही नाही. त्याचं बालपण पाण्यात जातं आणि तिथेही हाच धंदा. डोक्याखाली घडी घालून ठेवलेला खालचा ओठ असतो, तो क्षणात पुढे फेकून डासाच्या अळ्या, बेडकाची पिल्लं, कधी छोटे मासेही पकडतो.

---

शंकासुर

म्हणजे सगळे मिळून किडे खातायत, आणि किडे काही कमी होत नाहीत. मग हे "निसर्गाचे कीटकनाशक" वगैरे कौतुक कशासाठी? आणि खरंच उपयोग असेल तर हवं तिथे बेडूक नि पक्षी नेऊन सोडा, प्रश्न मिटला!

---

वाळवीपुराण

शंकासुरराव, नेऊन सोडण्याचा उद्योग माणसाने करून पाहिलाय. १९३५ साली हवाईहून शंभरेक केन टोड (भेकाची एक मोठी जात) ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला नेले, उसावरचे भुंगेरे खातील म्हणून. भुंगेऱ्यांच्या अळ्या जमिनीखाली मुळं खात बसलेल्या, मोठे भुंगेरे उसाच्या शेंड्याला, आणि भेक बिचारा जमिनीवर. भुंगेरे राहिले बाजूला, भेकांचीच संख्या बेसुमार वाढली. त्यांच्या अंगात विष असतं, त्यामुळे त्यांना खायला गेलेले तिथले घोरपडीच्या जातीचे प्राणी, साप आणि क्वोल (तिथला मांजराएवढा शिकारी प्राणी) मेले. आजही तो भेक पश्चिमेकडे पसरतोच आहे.

उलटं उदाहरणही आहे. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागांत ऑस्ट्रेलियातून आलेली कापसासारखी पांढरी खवले कीड पसरली होती. १८८८ च्या सुमारास आल्बर्ट केबेले तिच्या मूळ देशात गेला आणि तिला खाणारा वेडालिया नावाचा ढालकिडा त्याने पाठवला. दोनेक वर्षांत बागा सावरल्या. हा ढालकिडा जवळजवळ त्याच किडीवर जगतो, तिच्याइतकाच लवकर वाढतो आणि ती जिथे असते तिथे पोचतो. भेकाकडे यातलं काहीच नव्हतं. जो जे दिसेल ते खातो तो एखाद्या किडीचा बंदोबस्त क्वचितच करतो.

---

टाचणी

आणि खाणारा काढून टाकला तर? १९५८ मध्ये चीनमध्ये उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या असे चार शत्रू ठरवून मोहीम काढली होती. चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना दमवून, हाकलून, घरटी मोडून मारलं. पण चिमणी पिल्लांना भरवते ते किडेच. पिकांवर किडी वाढल्या, आणि १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. त्या काळच्या दुष्काळाला इतरही मोठी कारणं होती, सगळा दोष चिमण्यांच्या मोहिमेला देणं बरोबर नाही, पण तिने भर घातली हे नक्की.

---

निशाचर

शंकासुर, "किडे कमी होत नाहीत" याला एक उत्तर: न खाल्ले तर किती होतील? जगातले पक्षी मिळून वर्षाला ४० ते ५० कोटी टन किडे आणि त्यांचे भाऊबंद खातात असा अंदाज आहे. कोळी ४० ते ८० कोटी टन. झाडून घेऊन जाळ्याबरोबर बाहेर टाकतो तो कोळी एकूण हिशेबात पक्ष्यांच्या बरोबरीला बसतो.

---

शंकासुर

एवढे आकडे टाकलेत, आता गप्प बसतो. थोडा वेळ.

---

वाळवीपुराण

माझा आवडता विषय आता काढतोच. मुंग्या आणि वाळवी खाणारे सस्तन प्राणी. एकेकटी मुंगी म्हणजे काहीच नाही, पण वारूळ सापडलं की हजारो एका जागी. म्हणून हा धंदा दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या मुंगीखाऊने, आफ्रिकेतल्या आर्डवार्कने, खवले मांजराने आणि ऑस्ट्रेलियातल्या एकिडनाने आपापला वेगळा सुरू केला. नातं जवळपास नाही, पण लांब नाक, लांब चिकट जीभ, खणायला दणकट नखं आणि दात कमी किंवा नाहीतच, हे सगळ्यांत सारखं.

मोठ्या मुंगीखाऊची जीभ ६० सेंटिमीटरच्या आसपास, मिनिटाला दीडशे वेळा आत-बाहेर. दिवसाला तीसेक हजार मुंग्या. पण एका वारुळावर तो फार तर मिनिटभर थांबतो, शिपाई मुंग्या चावायला धावल्या की पुढच्या वारुळाकडे. वारूळ मोडून पडत नाही, त्याला तिथे पुन्हा येता येतं. आफ्रिकेतला आर्डवुल्फ तर चक्क तरसाच्या कुळातला, पण हाडं फोडायची सोडून वाळवी चाटतो, रात्रीत दोन-तीन लाखांपर्यंत. ती वाळवी जमिनीवर चरायला येते तेव्हा चाटून घेतो, वारूळ खणतच नाही. ऑस्ट्रेलियातला नंबॅट नावाचा छोटा प्राणीही वाळवीवरच जगतो, पण तो दिवसा फिरतो. खणण्याइतकी ताकद नसल्यामुळे वाळवी वरच्या बोगद्यांत येण्याच्या वेळेवर त्याचं वेळापत्रक बसलेलं.

अस्वलही यात येतं. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी जोरात ओढून घेतं आणि त्या वेळी नाकपुड्या मिटून घेतं. तो आवाज बराच लांबून ऐकू येतो.

खवले मांजराबद्दल वेगळं लिहावं लागेल. दात नाहीत, पोटात खडे आणि टणक आवरण असतं, तिथेच भरडणं चालतं. अंगावरची खवलं नखांच्याच द्रव्याची, औषधी वगैरे काही नाहीत, तरी त्यांच्यापायी त्याची सर्रास तस्करी होते. आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

---

अबोली

किड्यांचं टणक कवच पचतं कसं पण? की ते तसंच बाहेर पडतं?

---

निशाचर

बरंचसं बाहेर पडतं, पण काही पचतंही. कवचातलं कायटिन फोडणारी विकरं असतात. गंमत म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांकडे अशा विकरांचे पाच जनुक होते, डायनोसॉर असतानाच्या काळात हे बारके प्राणी मुख्यतः किड्यांवर जगत होते त्याची ती खूण. टार्सिअर नावाच्या माकडाच्या नात्यातल्या छोट्या किडेखाऊ प्राण्याकडे आजही पाचही शाबूत आहेत. ज्यांनी गवत किंवा मांस धरलं त्यांचे एकेक बिघडत गेले. माणसाकडे एक चालू आहे, बाकीच्यांचे मोडके अवशेष.

---

रानभूल

हं, आता घटपर्णी. टाचणी, तुझ्यासाठी.

घटाचा काठ ओला झाला की इतका निसरडा होतो की मुंगीचे पाय ठरत नाहीत. आत पडली की खालच्या रसात संपली. हे शाळेत शिकवतात. शाळेत शिकवत नाहीत ते असं की काही घटपर्णींनी शिकारीचा नाद जवळपास सोडलाय. बोर्निओतली लोवी नावाची जात झाकणाच्या आतल्या बाजूला गोड पांढरा स्राव सोडते. चिचुंदरीसारखा दिसणारा ट्री श्रू तो चाटायला घटावर बसतो आणि बसल्या बसल्या आत शेण टाकून जातो. नत्र मिळालं! तिथलीच हेम्सलेयाना नावाची जात छोट्या लोकरी वटवाघळांना दिवसभर घटात झोपू देते. घटाच्या मागच्या बाजूचा आकार असा की वटवाघळाचा आवाज त्यावरून ठळक परत येतो आणि दाट झाडीतही त्याला घट सापडतो. भाडं म्हणून शेण.

मेघालयातली खासी घटपर्णी ही भारतातली एकमेव. तिच्या अधिवासाची खाणींनी आणि झाडतोडीने वाट लागतेय, आणि लोक मुळासकट उपटूनही नेतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या रोरिड्युलाचा कारभार तर आणखी वेगळा. पानं भयंकर चिकट, पण पाचकरस नाही. त्या पानांवर न चिकटता फिरणारा एक ढेकणाच्या जातीचा किडा असतो, तो अडकलेली शिकार खातो आणि त्याच्या विष्ठेतलं नत्र पान शोषून घेतं.

आणि डासवाल्यांसाठी खास: वर ज्या जांभळ्या सारासेनियाचं लिहिलं, तिच्या घटात साठलेल्या पाण्यात डासाची एक जात वाढते. तिच्या अळ्या फक्त तिथेच वाढतात. म्हणजे हे कीटकभक्षी झाड डास संपवत तर नाहीच, पोसतं.

---

शंकासुर

हे बरं आहे! पण मग एक राहिलंच. फुलं तर यांनाही येतात, परागण किड्यांकडूनच होत असेल. परागण करणाऱ्यालाच खाल्लं तर?

---

रानभूल

त्याची सोय आहे. फ्लायट्रॅपचं फूल लांब दांड्यावर, सापळे खाली जमिनीलगत. २०१८ च्या एका अभ्यासात फुलांवरचे किडे आणि सापळ्यांतले किडे वेगवेगळे गोळा करून पाहिले. परागण करणाऱ्या मुख्य मधमाश्या आणि भुंगेरे सापळ्यांत जवळजवळ सापडलेच नाहीत. तिथे जास्त मुंग्या आणि कोळी, म्हणजे चालत येणारे.

---

चतुरंग

खाल्ले जाणाऱ्यांचीही बाजू मांडू द्या की कुणीतरी. निशाचरांनी पतंग सांगितला, मी भुंगेरे सांगतो.

बेडूक शिकार गिळताना डोळे मिटतो ते उगाच नाही. डोळे खोबणीतून खाली दाबून तो घास घशाकडे ढकलतो. पण ढकलून काम झालंच असं नाही. बॉम्बार्डियर भुंगेरा पोटात गेल्यावर तापलेलं रसायन सोडतो. जपानमधल्या प्रयोगात ज्या भेकांनी असे भुंगेरे गिळले त्यांतल्या ४३ टक्क्यांनी ते ओकून टाकले, काहींनी तासाभराहून जास्त वेळाने, आणि बाहेर आलेले भुंगेरे जिवंत होते.

दुसरा एक पाणभुंगेरा याच्याही पुढचा. बेडकाने त्याला गिळलं की तो आतड्यातून चालत चालत मागच्या दाराने बाहेर पडतो. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. दहातले नऊ तरी सहा तासांच्या आत जिवंत बाहेर आले, सगळ्यात घाईचा सहा मिनिटांत. पायांना मेण लावून हालचाल बंद केली तेव्हा मात्र एकही वाचला नाही, म्हणजे तो स्वतःच्या पायांनीच येतो.

---

टाचणी

सहा मिनिटांत!! बेडकाला कळत असेल का?

---

शंकासुर

बेडकाचं माहीत नाही, पण माझी पुढची शंका तयार आहे: मुंगीखाऊच्या पोटात मुंग्या चावत असतील का? वाळवीपुराण, तुमचीच पाळी.

---

वाळवीपुराण

फारसा वेळ मिळत नाही त्यांना. जिभेवरची चिकट लाळ त्यांना गुंडाळून टाकते, टाळूवर दाबून बऱ्याचशा तोंडातच चिरडल्या जातात, आणि पोटाचा दणकट स्नायू उरलेलं बघून घेतो. मुंग्यांबरोबर पोटात गेलेली वाळूही भरडायला कामी येते. मुंग्यांच्या अंगातलं फॉर्मिक आम्ल आयतंच मिळतं, त्यामुळे पोटाला स्वतःचं आम्ल फार तयार करावं लागत नसावं असं म्हणतात. चावा बसतो तो आधी, नाकाला आणि जिभेला, म्हणून तर मिनिटभरात पळ काढतो.